सातपूरहून आलेला यजमान

रामकुंडाच्या वरच्या अंगाला आमची पेढी.
लाल फडक्यात बांधलेल्या चोपड्या,
निफाडची निराळी, दिंडोरीची निराळी,
येवल्याच्या तीन, कारण तिथले लोक फार आठवणीनं येतात.
आलेल्यानं गाव सांगायचं, वडिलांचं नाव सांगायचं,
खाली सही करायची.
येत नसेल तर अंगठा.

लहानपणी मी निफाडच्या चोपडीत दडवून
परग्रहांच्या गोष्टी वाचायचो.
त्यातली यानं कायम परदेशात उतरायची.
गंगापूर धरणावर एकही नाही.
एवढी मोकळी जागा, पाणी,
शिवाय वाटेत वडापावची गाडी,
मला खरंच राग यायचा.

ऐंशीच्या सिंहस्थात एकजण आला.
अंगठ्याला ताजी पट्टी, रक्त अजून ओलं,
शर्टाचं दुसरं बटण तुटलेलं.
गाव चांदोरी म्हणाला,
पण कुठल्या सालातली चांदोरी, ते सांगेना.
वडिलांनी गाठ सोडली, पानं उलटली.
शके अठराशे चोपन्नच्या पानावर
त्याची सही आधीच होती.
बॉलपेनची.

येतात असे, वडील नंतर म्हणाले,
त्यांना पुढची पानं दाखवू नकोस, बस.
दक्षिणा म्हणून त्यानं ठेवलेली नोट
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये अजून छापायची होती.
आईनं ती तूरडाळीच्या डब्यात टाकली.
चालेल कधीतरी, म्हणाली.

एक्क्याण्णवला आला. तीच पट्टी, तेच ओलं रक्त.
दोन हजार तीनला आला, तेव्हा मी त्याच्याच वयाचा.
पंधराला मी त्याला चुकून 'अरे' म्हणालो
आणि दोघंही उगीच घाटाकडे बघत बसलो.
शैलजानं सुईदोरा काढला.
तो मागे सरकला,
इथलं काही बदलायचं नसतं, नियम आहे.
बटणानं काय होतंय? ती म्हणाली.
त्याच्याकडे उत्तर नव्हतं.
एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नसावं.
त्यानं शर्ट काढून दिला.

सत्तावीसचा सिंहस्थ होऊन गेला.
तो आला नाही.
मी चोपडी काढून पाहिली,
सहीच्या जागी कोरा कागद,
बोट फिरवलं तर पेन दाबल्याचा वळ लागतो.
नोट मात्र डब्यात आहे.
चालत नाही अजून.

गेल्या मंगळवारी, आरती आटोपल्यावर,
पायऱ्यांशी काहीतरी खडखडलं.
सातपूरच्या कारखान्यातला, वेल्डिंगचा,
मोडीत काढलेला.
चाकांना त्र्यंबक रस्त्याचा चिखल.
आत येऊ का, विचारलं त्यानं,
चपला काढता येत नाहीत म्हणाला.

गाव?
सातपूर. प्लॉट ब-एकोणतीस.
वडिलांचं नाव?
त्याच्या पोटातला पंखा बराच वेळ फिरत राहिला.
मी वाचलेल्या गोष्टींत या ठिकाणी
यंत्रं एकतर बंड करतात किंवा रडतात.
हा म्हणाला, रंगनाथ फिटर.
त्यांनी पाठीवर खडूनं 'बंड्या' लिहिलं होतं.
पावसाळ्यात शेड गळली, पुसलं गेलं.
ते आता कुठे आहेत, तुमच्याकडे लिहिलंय का?

सातपूरची चोपडी काढली.
रंगनाथ नावाचे सात होते, फिटर एकही नाही.
एवढंच सांगितलं त्याला.
मग नव्या ओळीवर लिहिलं
बंड्या, रंगनाथ फिटर यांचा,
आणि कुळाचा रकाना तसाच ठेवला.
वडील असते तर काय म्हणाले असते?
बहुधा, शाई जपून वापर.

सही येत नव्हती. अंगठाही नव्हता.
त्यानं हाताचं टोक हळूच कागदावर टेकवलं.
बारीक धूर निघाला.
शैलजा आतून ओरडली, काय जळतंय?

तांदळाएवढं भोक, कडा तपकिरी.
पान उलटलं तर मागच्या पानालाही तेच,
त्यामागच्यालाही.
तीन कोऱ्या पानांवर, अजून न आलेल्यांच्या जागी.
त्यांनी एवढी जागा सोडून लिहायचं.